अंगणातल्या फरशीखालचं अर्थिंग

मैलूरच्या हेमावतीअक्कांच्या घरात भाड्याच्या तीन खोल्या आहेत. भाडेकरूला शिंक आली तरी सुंठीचा काढा घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या त्या बाई. पण त्या सकाळी भाडेकरू अंबिकानं न्हाणीतल्या नळाला झिणझिण्या येतात म्हणून सांगितलं, तेव्हा अक्कांनी तिलाच ओल्या हातापायांवरून चार शब्द सुनावले. मग नळाला स्वतः बोट लावलं, आणि चटका बसल्यागत मागं सरकल्या. अंबिकाची तीन वर्षांची पोर रोज त्याच नळाखाली बसायची.

तासाभरात पंचाक्षरी आला. लाइनमन म्हणून निवृत्त झालेला, तोंडानं फटकळ माणूस. त्यानं आधी गिझर बंद केला. मग पिशवीतून दोन वायरी जोडलेला शंभरचा बल्ब काढला, एक वायर फेजला लावली, दुसरी अर्थिंगला. बल्ब जेमतेम लालसर झाला.

"गिझरचा करंट गळायलाय अक्का, आणि त्याला जमिनीत जायला वाट न्हाई. अर्थिंगचा खड्डा कुठाय?"

अक्कांनी अंगणातल्या फरशीकडे बोट दाखवलं. लेकाच्या लग्नात त्यांनी अंगणभर शहाबादी फरशी घातली होती. मधेच खड्ड्यात पाणी ओतायचं तोंड बरं दिसेना, म्हणून तेही फरशीखाली गेलं. इथली जांभ्या दगडाची जमीन पाणी धरत नाही. इतक्या उन्हाळ्यांत खड्ड्याला थेंब मिळाला नव्हता, आणि कोरड्या मातीतून करंट खाली उतरत नाही.

"फरशी चकाचक, करंट मोकाट," पंचाक्षरी म्हणाला.

अक्कांनी पहार आणली आणि पहिला घाव आपणच घातला. तीन फरश्या उचकटल्या. खालची तार गंजून गेलेली, हात लावताच तुकडा हातात आला. मग काय, सगळं घर कामाला लागलं. नवा पाइप ठोकला, कोळसा आणि मीठ भरलं, नवी तार जोडली. अक्का घागरीवर घागर ओतत राहिल्या. शेवटी पंचाक्षरीच म्हणाला, बास करा, आपण विहीर खोदलेली न्हाई.

बल्ब पुन्हा लावला. असा लख्ख पेटला की अक्का अंगणातच टाळ्या पिटायला लागल्या.

नवा गिझर आला, करंट गळताच बंद पडणारा स्विच बसला, बाकीच्या दोन्ही न्हाण्याही पंचाक्षरीनं तपासल्या. अंबिका मात्र न्हाणीच्या दारातच घुटमळत होती.

"थांब, आधी मी."

अक्कांनी नळ मुठीत धरला. सोडला नाही. चेहरा हळूहळू फुलत गेला.

"जा, आता पोरीला आण," त्या म्हणाल्या.