खारफुटीची वर्गणी

अवधूत भोसगे मसालेभाताच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि तेवढ्या वेळात त्याच्या पीएचडीची वाट लागली.

दोष भाताचा नव्हता. विद्यापीठाचा नियम असा होता की प्रश्नावली संशोधकाने स्वतः भरून घ्यायची. एकेका माणसाला बाजूला घेऊन, शेजाऱ्याच्या कानावर जाणार नाही अशा बेताने. अवधूतने काय केलं, तर फॉर्मांचा अख्खा गठ्ठा वसंतरावांच्या हातात दिला आणि म्हणाला, "काका, जरा वाटता का? मी आलोच."

वसंतराव कतारमधल्या अल खोर गावच्या मराठी मंडळाचे खजिनदार. मूळचे नाशिकचे, बावीस वर्षं रास लफानच्या गॅस प्लांटवर. समोर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेली चाळीसेक कुटुंबं, हातात कागदांचा गठ्ठा, आणि कागदावर प्रश्न: 'अल खोरजवळचं खारफुटीचं जंगल टिकवण्यासाठी आपलं कुटुंब वर्षाला किती रियाल देईल?'

आता अर्थशास्त्रात हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला असतो. देईल म्हणजे, समजा द्यायची वेळ आली तर. खरे पैसे कोणी मागत नाही, कोणी काढत नाही. पण 'किती देणार' हे कल्पनेत विचारायचं असतं, हे वसंतरावांना जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माइक ओढला.

"मंडळी, हा आपला अवधूत. औशाचा पोरगा. इथल्या युनिव्हर्सिटीत समुद्रावर पीएचडी करतोय. खारफुटीसाठी वर्गणी आहे! सुरुवात माझ्यापासून, एकशे एक. बोला गिरीशराव!"

गिरीशराव त्यांच्याच प्लांटवर, पण एक पायरी वर. ते एकशे एक बोलूच शकत नव्हते. ते एकशे एक्कावन्न बोलले. मग त्यांच्या शेजारचे बोलले, मग पलीकडचे. अवधूत भाताचं ताट घेऊन परतला तेव्हा तिळगुळाचा रिकामा डबा नोटांनी भरला होता आणि वसंतराव नाव आणि रक्कम वाचून दाखवत टाळ्या घेत होते.

"काका, हे काय केलंत?"

"काळजी करू नकोस," वसंतराव म्हणाले. "सगळं रोख घेतलंय. उधारी ठेवलीच नाही."

अवधूत ज्या औशाचा, तिथून समुद्र कुठल्याही दिशेने साडेतीनशे किलोमीटरच्या आत सापडत नाही. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला आणि लातूर भागात राहून, बारावीला बरे मार्क पडूनही डॉक्टर झाला नाही. हा गुन्हा त्याच्या वडिलांनी अजून पुरता माफ केलेला नव्हता. पुण्याला अर्थशास्त्रात एमए, मग एका मत्स्यव्यवसायाच्या प्रकल्पात आकडे भरायची नोकरी, आणि तिथून कतारची शिष्यवृत्ती. आता वडील गावात सांगत, "आमचा थोरला डॉक्टर होतोय. फक्त कतारला." कशाचा डॉक्टर, हे कोणी विचारत नसे. विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं. विषयात व्यवस्थापन होतं, अर्थशास्त्र होतं आणि सागरविज्ञानही होतं. तीन विषय म्हणून तीन गाइड, आणि तीन गाइड म्हणजे तीन सासवा. एकीला भाजीत मीठ जास्त, दुसरीला कमी, तिसरी म्हणणार की मुळात ही भाजीच नाही.

एप्रिलमध्ये समिती बसणार होती. पास झाला तर पुढची दोन वर्षं शिष्यवृत्ती चालू. नापास झाला तर शिष्यवृत्ती बंद, तिच्यामागे राहण्याचं कार्ड बंद, आणि औशाच्या एसटी स्टँडवर उतरून वडिलांच्या 'डॉक्टर'चं काय झालं ते सांगणं चालू. समितीसमोर ठेवायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती, ती ही प्रश्नावली.

हळदीकुंकवानंतर दोन दिवस तो अल गराफातल्या आपल्या खोलीत बसून विचार करत राहिला. एका व्हिलाचे सहा तुकडे करून भाड्याने दिले होते, त्यांतलीच ही एक खोली. डब्यातले पैसे कपाटात होते. ते परत करायचेच होते, पण गाइडना सांगायचं का? आकडे तर चांगले होते. आकडे कसे आले हे आकड्यांवर थोडंच लिहिलेलं असतं, असं म्हणून त्याने ते संगणकात भरले आणि पाठवून दिले.

पण ते आकड्यांवरच लिहिलेलं होतं.

"अवधूत," डॉ. हद्दाद म्हणाले. हे बैरूतचे, अर्थशास्त्राचे, आणि आवाज नेहमी मऊ. "अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक, एकशे एक्कावन्न. सगळे आकडे एकावर संपतात. चाळीस कुटुंबांत कोणाला शून्य आवडत नाही? तू हे घरी बसून बनवलंस का?"

हद्दादांच्या केबिनमध्ये तिन्ही गाइड बसले होते. बनावट आकडे म्हणजे समितीपर्यंतही जायचं नाही, सरळ विमानतळ. घाईघाईत अवधूतच्या तोंडून खरं बाहेर पडलं.

"नाही सर. आमच्याकडे वर्गणी पुऱ्या आकड्यात देत नाहीत. वर एक ठेवतात."

"का?"

"शुभ असतं."

"बरं. आणि वर्गणी म्हणजे काय?"

झालं. डबा, माइक, टाळ्या, गिरीशराव, सगळं सांगावं लागलं.

हद्दाद उभेच राहिले. "म्हणजे खरे पैसे? खिशातून काढलेले? अरे, माणसं कागदावर हजार लिहितात आणि खिशातून दमडी काढत नाहीत, यावर आम्ही आयुष्यभर रडतोय. आणि तू तिळाच्या डब्यात खरे पैसे गोळा केलेस!"

व्यवस्थापनाच्या डॉ. सुमैया हैदराबादच्या. त्यांनी डोक्याला हात लावला. "या देशात परवानगीशिवाय देणगी गोळा करणं गुन्हा आहे, ठाऊक आहे? सगळे फॉर्म रद्द. पैसे परत. प्रत्येकाची मिळाल्याची सही. एक जरी सही कमी पडली तरी एप्रिल विसर."

सागरविज्ञानाचे डॉ. नसरुद्दीन कन्नूरचे. ते अवधूतच्या कानाशी येऊन हिंदीत म्हणाले, "वापस क्यों करना है? इतने में तो कितने पौधे लग जाएँगे."

शास्त्र एकत्र आलं की असं होतं. एकाला सोनं सापडलं, एकीला गुन्हा सापडला, एकाला रोपं दिसली. आणि तिघांच्या मध्ये सोमवारच्या उपवासाला साबुदाणा न मिळालेल्या माणसासारखा अवधूत.

सुमैया मॅडमनी पावती स्वतः लिहून दिली: 'मला माझी रक्कम परत मिळाली असून ती स्वीकारण्यासाठी माझ्यावर कोणताही दबाव आणलेला नाही.' ही सही मिळवण्यासाठी किती दबाव आणावा लागेल, याची त्यांना कल्पना नव्हती. अवधूत आपली एसी मेलेली जुनी गाडी घेऊन शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, अल खोरला जायचा आणि दारोदार पैसे वाटायचा. मराठी माणसाला त्याने दिलेली वर्गणी परत करणं म्हणजे त्याचा अपमान.

"कमी पडले का?" पहिल्याच दारात विचारलं गेलं.

"नाही हो काका, घेताच येत नाहीत."

"गिरीशचे घेतलेस ना?"

"त्यांचेही परत देतोय."

"आधी त्याची सही दाखव."

गिरीशराव म्हणाले, आधी वसंतरावांची दाखव. वसंतराव म्हणाले, "मी मंडळाचा खजिनदार. बावीस वर्षांत एकदाही आलेले पैसे परत गेले नाहीत. माझ्या रेकॉर्डला डाग लावतोस तू." प्रत्येक घरी चहा झाला, पोहे झाले, एका घरी श्रीखंडही झालं. तिसऱ्या शुक्रवारी वसंतरावांनी तोंड फिरवून सही केली, मग बाकीच्यांचीही रांग लागली. शेवटी एकच पावती उरली.

ती होती रत्नप्रभाकाकूंची. वसंतरावांच्या बायकोने नवऱ्याच्या एकशे एकमध्ये न बसता आपले वेगळे एकवीस टाकले होते.

"मी नाही घेणार," काकू म्हणाल्या. त्या लाडू वळत होत्या.

"काकू, माझं वर्ष जाईल. बाबा गावात सांगून बसलेत."

"मग तूही मला सांग. ती खारफुटी म्हणजे तिवरच ना रे?"

अवधूतला शास्त्रीय नाव पाठ होतं. मराठी नाव त्याने फोनवर शोधलं. "हो काकू. तिवरच."

"आमच्या गुहागरला घरामागे खाडी होती. भरतीला तिवरं अर्धी पाण्यात उभी असायची. ओहोटीला त्यांच्या मुळांमधून चिखलात खेकडे धरायचो आम्ही. मी बावीस वर्षं इथे राहते. इथून पंधरा मिनिटांवर तिवर आहे आणि मला कोणी सांगितलं नाही. यांना शुक्रवारी झोपायचं असतं आणि मला गाडी येत नाही." त्यांनी लाडू ताटात ठेवला. "पैसे परत घेते. सही पण करते. पण मला ते दाखवून आण."

"आणतो ना काकू! येत्या शुक्रवारी."

काकूंनी तुपाच्या हातानेच सही केली. पावतीवर डाग पडला. सुमैया मॅडमनी तो चालवून घेतला.

येत्या शुक्रवारी मात्र सर्वेक्षण नव्याने करायचं ठरलं, कारण समितीला जेमतेम दोन महिने उरले होते. या वेळी सगळं नियमाप्रमाणे झालं. क्लबहाउसच्या कॅरमच्या खोलीत एकेकाला आत घेतलं, दार लावलं. नाव नाही, माइक नाही, डबा नाही. आधी वाचून दाखवायचं, 'ही रक्कम आपल्याकडून घेतली जाणार नाही.'

वसंतरावांनी चष्मा वर केला. "नक्की घेणार नाही?"

"नक्की."

"कोणालाच कळणार नाही, कोणी किती लिहिलं?"

"कोणालाच नाही काका."

वसंतरावांनी दोन हजार लिहिले आणि खारफुटीचा उद्धार केल्याच्या ऐटीत बाहेर आले. बाहेर येताच त्यांनी ते सगळ्यांना सांगितलंही. त्यामुळे पुढच्याने अडीच हजार लिहिले. हजार, पंधराशे, दोन हजार. आता सगळे आकडे शून्यावर संपत होते. ज्या चाळीस घरांनी डब्यात खरे पैसे टाकले होते, त्यांचे खोटे पैसे त्याच्या वीसपट भरले. अवधूतने गंमत म्हणून फॉर्मच्या तळाला आणखी एक प्रश्न घातला होता: 'आपण हे जंगल प्रत्यक्ष पाहिलं आहे का?' झाडून सगळ्यांचं उत्तर आलं, नाही.

हद्दादना आकडे पाहून दुःख झालं, पण तेवढ्यापुरतंच. शेवटचा रकाना पाहून त्यांचे डोळे चमकले. "कोणीच पाहिलं नाही? आणि तरीही इतके द्यायला तयार? अवधूत, हे निव्वळ अस्तित्वमूल्य आहे!" म्हणजे जे कधी बघितलं नाही, ते नुसतं कुठेतरी असावं, एवढ्यासाठी माणूस मोजायला तयार होतो ती किंमत. पुस्तकात हे असतं, पण इतकं शुद्ध कोणाला मिळालेलं नव्हतं. सुमैया मॅडम म्हणाल्या, प्रक्रिया निर्दोष आहे. नसरुद्दीन म्हणाले, फॉर्मवर झाडांची संख्या चुकली आहे, पण त्याने रकमेत काही फरक पडत नाही.

एप्रिलमध्ये समिती बसली. वेस्ट बे भागातल्या टॉवरमधल्या कुठल्याशा सल्लागार कंपनीतून आलेल्या बाहेरच्या परीक्षकाने एकच विचारलं, पहिल्या सर्वेक्षणाचं काय झालं? सुमैया मॅडमनी पावत्यांची फाइल पुढे केली. त्याने ती चाळली, तुपाच्या डागाशी थांबला, सगळ्या सह्या आहेत हे पाहिलं आणि फाइल मिटली. अवधूत पास झाला. वडिलांनी गावात पेढे वाटले. खरे आकडे रद्द होऊन, खोटे आकडे 'निर्दोष' ठरून होणारा डॉक्टर म्हणजे जवळजवळ सगळेच डॉक्टर, असं त्याने स्वतःला समजावलं आणि झोपला.

राहिला तो काकूंना कबूल केलेला शुक्रवार. मार्चमध्ये तो आकड्यांत गेला, एप्रिलमध्ये समितीत. मग हद्दादनी शोधनिबंध लिहायला घेतला आणि मेचं ऊन तापलं. त्याच महिन्यात वसंतरावांचा निवृत्तीचा कागद आला. जूनमध्ये दोघं कायमचे नाशिकला जाणार होते. निरोपाच्या जेवणात काकूंनी त्या विषयाचं नावही काढलं नाही. लिंबाच्या लोणच्याची बाटली तेवढी दिली.

जाण्याच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला: 'अवधूत, सामान गेलं. शनिवारी आम्ही मोकळे आहोत. पहाटे निघालो तर ऊन लागणार नाही. हे पण यायला तयार झालेत.'

शनिवारी शोधनिबंधाच्या दुरुस्त्या पाठवायची शेवटची तारीख होती. समोरच्या पडद्यावर काकू एका रकान्यात बसलेल्या होत्या, 'पाहिलेलं नाही' असं लिहिलेल्या. त्याने 'पुढच्या शनिवारी नक्की' असं टाइप केलं. मग पुढच्या शनिवारी काकू नाशिकला असणार हे लक्षात आलं आणि खोडलं. 'गाडीचा एसी गेलाय' असं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, 'बघतो काकू. इन्शाल्ला.'

काकूंचा लगेच अंगठा आला.