रेणव्वाची इयत्ता

शिवाजीनगरहून नाशिकची एसटी पकडली तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. माझी डी.एड.ची मैत्रीण शकुंतला ओतूरच्या पुढे, मढच्या वाटेवरच्या एका वस्तीवर शिक्षिका होती. वस्तीचं नाव सांगत नाही. तिचा फोन आला होता. "तुला कन्नड येतं ना? ये एकदा. आमच्याकडे एका हुशार पोरीची माती होतेय." माझं बालपण अक्कलकोटचं, घरात मराठी, गल्लीत कन्नड. पुण्यात मी गणित शिकवते, तिथे माझं कन्नड गंजत पडलेलं.

मंचरला चहा घेतला, तो पाणचट निघाला. नारायणगावापासून दोन्ही बाजूंना टोमॅटोचे मांडव. आळेफाट्याला कल्याणची गाडी मिळाली. ओतूर सोडलं आणि समोर माळशेजचे कडे उभे राहिले, पण त्यांच्याकडे नीट बघायच्या आत कंडक्टरने मला भलत्याच फाट्यावर उतरवून दिलं. रस्त्यावर, झाडांवर पांढरी धूळ. एक म्हातारबुवा शेळ्या घेऊन चालले होते. त्यांना शाळा विचारली.

"अवो बाई, साळा मागं राह्यली की! ह्यो क्रशरचा रस्ता." क्रशर म्हणजे खडी फोडायचं यंत्र. पलीकडे पालं दिसत होती. "कर्नाटकातली माणसं हायेत. लई कष्टाळू, पर बोलनं काय आपल्याला कळत न्हाई."

शाळा दोन खोल्यांची. पहिलीच्या रांगेत सहा-सहा वर्षांची चिमुरडी, आणि त्यांच्या मधोमध गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेली एक मोठी मुलगी. ती पाटीवर 'अ' गिरवत होती. शकुंतला माझ्या कानात म्हणाली, "हीच रेणव्वा. गावाकडे तिसरी पास झालीय."

मी तिला ओसरीत घेऊन बसले. भागाकार घातले, तिने भराभर सोडवले. मग चौथीच्या पुस्तकातलं गणित वाचलं: अठ्ठेचाळीस जुड्या कोथिंबीर सहा टोपल्यांत समान भरली, तर प्रत्येक टोपलीत किती? ती 'समान'पाशी अडली. तेच कन्नडमध्ये सांगितलं.

"एंटु," (आठ) ती म्हणाली, आणि खुदकन हसली. मग विचारलं, ओलं लुगडं वाळतं तेव्हा पाणी कुठे जातं? वारा, ऊन, भातावरची वाफ, झाकणाला साचणारे थेंब, ती थांबेचना. फक्त 'बाष्पीभवन' हा शब्द तिच्याकडे नव्हता.

मुख्याध्यापक जवळच उभे होते. "हुशार आहे हो, नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण मराठी कुठं येतंय? आधी भाषा पक्की होऊ द्या, मग गणित-विज्ञान बघू."

"तोवर तिने काय करायचं?"

"बसेल. आपण काय हाकलत नाही."

माझा आवाज चढला. "भाषा येणार कुठून? 'अ' गिरवून? 'समान' हा शब्द गणितात शिकवायचा, 'वाफ' विज्ञानात, 'उतार' भूगोलात. चित्र काढा, हातवारे करा, तिच्या भाषेतला शब्द विचारून घ्या. प्रत्येक तास तिच्यासाठी मराठीचाही तास आहे."

"पुण्यात चालत असेल बाई. चौथीचा निकाल बिघडला तर साहेब मला विचारतात, तुम्हाला नाही."

रात्री पिंपरी पेंढारला शकुंतलेच्या घरी जेवायला मासवडी होती (खसखस-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी) आणि झणझणीत रस्सा. सगळी हकिकत ऐकून तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आमी साळंत 'व्हतं' म्हणलं की मास्तर पट्टी मारायचं. 'होतं' म्हण, मंग उत्तर ऐकतो म्हणायचं. हिसाब मला लई चांगला यायचा. पर दुसरीतनंच सोडली साळा." त्या हसत होत्या.

सकाळी आम्ही पालांवर गेलो. रेणव्वाचे वडील, शिवाप्पा, पाटीत खडी भरत होते. कन्नड ऐकून आधी चकित झाले, मग सगळं बाहेर पडलं. "गावाकडे तिसरी झाली. इथं पहिली. पुढच्या कामावर गेलो की तिथंही पहिलीच सांगतील. किती वेळा पहिली करायची हिनं? त्यापेक्षा उद्यापासून पाटी उचलू दे."

रेणव्वा आमच्याकडे पाठ करून दगड वेचत होती.

हे मी शकुंतलेला मराठीत सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्यांना सांग, आजपासून ती चौथीत." तिने रेणव्वाचा हात धरला आणि सरळ शाळेत नेऊन चौथीत बसवलं. फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला रेणव्वाने सांगितलेला. पोरं 'एंटु, एंटु' ओरडत सुटली. मुख्याध्यापक दारात आले. "बाई, ही जबाबदारी तुमची."

"माझी आहेच," शकुंतला म्हणाली. "तुमचीही होती."

दुपारच्या गाडीने मी परतले. खिडकीबाहेर काय होतं, आठवत नाही. काही महिन्यांनी शकुंतलेचा फोन आला. क्रशर बंद पडून पालं दुसऱ्या तालुक्यात गेली होती, आणि शिवाप्पांनी बूथवरून तिच्या शाळेशेजारच्या दुकानात फोन केला होता. मोडक्या मराठीत म्हणाले होते, "बाई, हितं मास्तर पैलीत बस म्हंतो. रेणव्वा चौथीत जाऊन बसली. उठतच नाय."

शकुंतला फोनवर रडत-हसत होती. मलाही आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पगार आम्ही घेतो, प्रशिक्षणं आम्ही करतो, पुस्तकं आम्ही लिहितो. आणि अनोळखी वर्गात, अनोळखी भाषेत, ऊठ म्हटलं तरी न उठता बसून राहायचं काम त्या एवढ्याशा पोरीनं करायचं? तिचं कौतुक करायची मला लाज वाटते.