भरितातला खड्डा

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. कारण ती तिच्याच थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या साडूंची आहे. पाण्यावर त्यांच्याइतका अविश्वास ठेवणारा माणूस जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना नाना म्हणतो. तळघराच्या खोदाईत किती पाणी पाझरेल आणि ते उपसायला किती पंप लागतील, हे सांगणं हा त्यांचा धंदा. पण धंदा साइटवर ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलंच नाही. धरणगावच्या एका लग्नात अक्षता मुठीत तशाच धरून ते मांडवामागची टाकी न्याहाळत राहिले आणि दुसऱ्या पंगतीला पाणी पुरणार नाही, असं मुलीच्या बापाला भर मंगलाष्टकांत सांगून आले. पाणी संपलं, तेव्हा नजर लावल्याचा आळ मात्र नानांवर आला. भरिताच्या पार्टीत तर कहर. ताटातल्या भरितात बोटानं खड्डा पाडायचे आणि त्यात तेल जमेपर्यंत कुणाला भाकरी मोडू द्यायचे नाहीत. "बघा, कडेनं येतंय, तळातून नाही. पाणीपण असंच चोरपावलांनी येतं." तोवर आमच्या भाकऱ्या गार.

धुळ्यात एका कॉम्प्लेक्सच्या तळघराआधी नानांनी चाचणीचा खड्डा घेतला, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली काम करत होतो. रीत साधी. पंप चालू ठेवायचा. खड्ड्यातली पातळी हलेनाशी झाली की जितकं बाहेर पडतंय तितकंच आत येतंय, असं धरायचं. नाना छत्री घेऊन खड्ड्याच्या काठावर बसले. पाइप पार नाल्यापर्यंत नेऊन त्याच्या तोंडाशी बादल्या मोजायचं काम माझं. ऊन असं, की पाइपला हात लावला तरी चटका बसे. मी तो कुंपणापलीकडच्या निंबापर्यंतच ओढला आणि सावलीला बसलो. खाली मुरूम होता. पाइपातून पडलेलं पाणी साचत नव्हतं, वाहत नव्हतं, सरळ आत जिरत होतं. कुठं जात असेल, ते मला कळलं होतं. तेच पाणी फिरून खड्ड्यात येत होतं आणि मी तेच परत मोजत होतो. मी बोललो नाही.

माझ्या आकड्यांवरून नानांनी मोठमोठे पंप मागवायला लावले. खोदाई झाली, आणि पंप नुसती हवा ओढत घुरघुरत राहिले. मुकादमानं कोरड्या तळाशी उभं राहून विचारलं, "नाना, समुद्र कथा गया?" कुठं गेला तो समुद्र, म्हणून सगळे हसले. मालकही हसला. मीही हसलो, हे लिहायला हवं. नाना तेवढे हसले नाहीत. परतताना एरंडोल आलं तेव्हा म्हणाले, "मला जमीन कळेनाशी झाली रे."

त्यानंतर त्यांनी अंदाज देणं सोडलं. कुणी विचारायला आलंच तर चहा पाजून वाटेला लावतात. गेल्या हिवाळ्यात भरिताला बसलो होतो. मीच त्यांच्या ताटात बोटानं खड्डा पाडला आणि म्हटलं, "बघा नाना, किती येतंय." त्यांनी भाकरीच्या तुकड्यानं तो हलकेच बुजवला. "खा," म्हणाले, "गार होईल."

भाकरी गरम होती. मी खाल्ली.

पाइप मी नाल्यापर्यंत नेला नव्हता, एवढं एक वाक्य मी नानांचं देणं लागतो.