आईच्या आवाजावर भरलेलं गाणं

सुशीला, आईच्या आवाजाची कॅसेट माझ्याकडं नाही. हरवली नाही, तुटली नाही. मी ती पुसली. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलासुद्धा.

दौंडच्या फलाटावर मला पोचवायला काष्टीहून तुम्ही सगळे आला होतात. आबा एवढंच म्हणाले, "तिकडं हाडं गोठत्यात म्हनं. कान बांधून हिंड." गाडी हलली तशी आई खिडकीची दांडी धरून थोडी चालली.

इंग्लंडात लोखंड ओतायची फाउंड्री, आणि फाउंड्री सुटली की एक खोली. सोपान म्हणणं कुणाला जमेना, म्हणून मी सॅम झालो. दुष्काळाच्या साली माझ्याबरोबरचा रघुनाथ रजेवर गेला आणि काष्टीला तुमच्याकडं जाऊन आईचं बोलणं टेपवर भरून घेऊन आला. तू तिच्या शेजारीच बसली होतीस. "ह्याच्यात बोलू? ऐकतूय का त्यो?" असं आई विचारत होती, तेवढ्यात हौसामावशी ओरडली, "मोठ्यानं बोल गं, विलायत लई लांब हाय!" सगळ्या हसल्या. मग आई म्हणाली, "आमचं बरं हाय. समदी खडी फोडायला जातो. हात फुटल्यात, पर मुकादम बरा हाय. तू कवा येतूस?"

तिथंच मी बटण दाबलं. पुढचं कधी ऐकलंच नाही.

त्याच हिवाळ्यात फाउंड्रीतल्या एका गोऱ्या पोरानं रविवारपुरती रॉकची एल.पी. दिली. रेकॉर्डचं जे नाव, तेच त्यातल्या एका गाण्याचं. खोलीत कोंडलेला एक माणूस, त्याला हाक मारणारं कुणी नाही. इंग्रजी निम्मंच कळलं, गिटार मात्र सगळी कळली. मी फरशीवर बसून रडलो. रेकॉर्ड सोमवारी परत द्यायची होती, दुकानं बंद होती, खोलीत कॅसेट एकच.

चुकून झालं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. चुकून नव्हतं. त्या गाण्याला माझ्याकडून काही नको होतं. आईला मी हवा होतो.

पुढं रजेवर आलो तेव्हा तिनं विचारलं, "माझं बोलनं ऐकतूस का रं?" "रोज," मी म्हणालो. ती लगबगीनं हौसामावशीला सांगायला गेली. तेव्हाच टेप लावून पुन्हा बोल म्हणता आलं असतं. पण मग पहिली कुठं गेली, तेही सांगावं लागलं असतं. पुढच्या खेपेला आई नव्हती.

आता बायको, मुलं, मॉर्गेज, मागची बाग, सगळं इथंच. ते गाणं रेडिओवर लागलं की थोरला आवाज वाढवतो आणि मी उठून बागेत जातो. काष्टीचं जुनं घर तुम्ही पाडून नवं बांधलंत, बरं केलंत. माझ्यापुरतं म्हणशील तर घर म्हणजे तूच उरलीस; तुझ्याशी खोटं बोलताना अजून जीभ अडते.

तुझ्या मंगीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी आजीचा आवाज लावू, दादा, कॅसेट विसरू नकोस, असं तू कळवलंस. मी येतोय, पण कॅसेट नसेल. टेपवर आई शेवटी काय म्हणाली, ते तुला आठवत असेल. मला सांगायचं की नाही, ते तू ठरव. तो आवाज तुझाही होता. तो मी तुला देणं लागतो, आणि तो मला कधीच देता येणार नाही.