पित्ताशयाबद्दल धन्यवाद

माझ्या पित्ताशयात खडे आहेत हे चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत, प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये जाहीर झालं. त्यामुळे धंतोलीच्या दवाखान्यात भरती झालो तेव्हा माझ्या पोटाची माहिती माझ्यापेक्षा चर्चच्या मंडळीलाच जास्त होती.

लोकांसमोर मी मजेत होतो. नाताळच्या नाटकात दुष्ट राजा दरवर्षी मीच असतो. घाबरणं मला शोभत नाही. खडे घरी न्यायला मिळतील का, अंगठीत बसवायचे आहेत, असं मी नर्सला विचारलं. नर्स हसली. बायको हसली नाही. सकाळपासून मी पेपरचं एकच पान वाचतोय आणि ते निविदांचं आहे, हे तिने पाहिलं होतं. माझे बाबा असेच एका साध्या ऑपरेशनला विनोद करत गेले होते आणि परत आले नव्हते. ऑपरेशन ठरल्यापासून माझी प्रार्थना एकाच वाक्याची होती: देवा, मला ऑपरेशनच्या टेबलावरच ठेवू नकोस.

ऑपरेशनला न्यायच्या थोडं आधी आमच्या मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ काका आले. सक्करदऱ्याहून स्कूटरवर, हेल्मेटसकट.

"सलाम. कसा हायेस गा?"

"मस्त, काका."

"तोंडावरून तर नाही दिसून राहिलं. चला, प्रार्थना करू."

इथे बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. काकांची प्रार्थना सुरू झाली की आमेन होईपर्यंत कोणी हलत नाही. एरवी पक्के नागपुरी असलेले काका डोळे मिटले की अत्यंत शुद्ध, पुस्तकी मराठीत शिरतात आणि तिथून लवकर बाहेर येत नाहीत. "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या," काका म्हणाले, आणि मी जगाच्या उत्पत्तीपासून ऐकायला तयार झालो.

पण त्यांनी सुरुवात माझ्या पित्ताशयापासून केली. इतकी वर्षं या अवयवाने सावजी मटण निमूटपणे पचवलं, त्याबद्दल देवाचे आभार. मग माझ्या पत्नीबद्दल आभार, तिच्या सहनशक्तीबद्दल वेगळे आभार. पंख्याबद्दल. खिडकीबद्दल. शेजारच्या खाटेवरच्या, हर्नियाच्या आजोबांबद्दल.

त्या आजोबांची बायको मौद्याकडच्या खेड्यातली. ती माझ्याकडे वाकून कुजबुजली, "काहून गा, हे बुवा कोनाशी बोलून राहिले?"

"देवाशी, आजी."

"मंग देव काही म्हनते का?"

"अजून त्याची पाळी आली नाही."

तेवढ्यात नर्स स्ट्रेचर घेऊन दारात आली, आणि हात जोडलेले पाहून तिनेही डोळे मिटले. आत डॉक्टर वाट पाहत होते. बायकोने मला कोपर मारलं. मी घाईघाईने मोठ्यांदा म्हणालो, "आमेन!"

ही चूक माझ्यासारख्या जन्मजात ख्रिस्ती माणसाने करायला नको होती. मध्येच आलेला आमेन हा थांबण्याचा इशारा नसतो, ती दाद असते. काकांचा आवाज चढला. आजीला वाटलं, आता म्हणायचं असतं, तीही म्हणाली, "आमेन!" काका नव्या जोमाने निघाले आणि आजीच्या म्हशीपर्यंत पोचले. म्हैस असल्याचं त्यांना कसं कळलं, ठाऊक नाही. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी खरा आमेन झाला. काकांनी हेल्मेट उचललं. मी त्यांचा हात धरला.

"काका, ऑपरेशनचं राहिलं."

"काय राहिलं?"

"मी वाचावं, हे तुम्ही मागितलंच नाही."

"ते तू सकाळपासून मागूनच राहिला असशील ना? त्याले एकदा म्हटलं का आयकू येते." त्यांनी माझ्या गालावर चापटी मारली. "तुह्याकडे काय काय हाय, ते तुले आठवत नव्हतं. म्हनून मी बोललो."

ते सक्करदऱ्याला गेले. मला आत नेलं.

आत खूप थंडी होती. भीती सोबत आली होती, ती काही बाहेर थांबली नाही. पण माझं ते एक वाक्य म्हणायला गेलो, तर तोंडात दुसरंच आलं. अंगावरच्या जाड चादरीबद्दल आभार मानले. मग बायकोच्या कोपराबद्दल. मग बाबांबद्दल, ते इतकी वर्षं मला मिळाले होते, हे मी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. त्यांच्यापाशी बराच वेळ थांबलो. घाई वाटत नव्हती. परत यायचं की नाही, हे ठरवायचं काम माझ्याकडे नव्हतंच, आणि नसलेलं काम गेल्याने फार हलकं वाटलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझे ओठ हलताना पाहिले. "काय हो, काही हवंय?"

"काही नको," मी म्हणालो. इतकं खरं मी रंगमंचावर किंवा बाहेर क्वचितच बोललो असेन.

मग मी नातेवाइकांकडे वळलो. सासूबाईंपर्यंत आलो, आणि त्यांच्याबद्दल नक्की कशाचे आभार मानावेत याचा विचार करत असतानाच भूल चढली.