ळच्या जागी य

नाना गेल्याचं त्यांच्या सुनेनं मला दारात येऊन सांगितलं. मी भाकरी थापत होते. पिठाचे हात तसेच घेऊन मी त्यांच्या ओट्यावर गेले... त्याला आता महिना होऊन गेला. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

नाना तहसील कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या तापीकाठच्या गावातल्या घरांच्या वंशावळी करायला घेतल्या. जातीच्या दाखल्याला आजा-पणजाची नावं लागतात, आणि ती जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत सापडतात. नोंदींच्या झेरॉक्सवरून नावं वहीत उतरवायला कॉलेजच्या दोन मुली यायच्या, आणि मी. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अक्षर बरं म्हणून नानांनी बोलावलं होतं.

माझ्या हातून एकच चूक पुन्हा पुन्हा व्हायची. आमच्या अहिराणीत काळा म्हणजे काया, माळी म्हणजे मायी. समोर काळू लिहिलेलं असलं तरी मी मनात कायू वाचायची आणि हात तेच लिहायचा. नाना खाडाखोड करत नसत. चुकलेल्या अक्षराखाली पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचे आणि वही माझ्याकडे सरकवायचे. दुसऱ्या दिवशी तीच चूक, तसंच टिंब. मुली हसायच्या, "मावशी, आज कितला माळीसले मायी करं?" नाना त्यांना म्हणायचे, "पहिले तुम्हनं पान दखाडा."

एकदा एक टिंब द्यायचं राहून गेलं. शेजारच्या गल्लीतल्या सुमनला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, त्यासाठी जातीचा दाखला लागत होता. तिच्या वंशावळीत मी पणजोबाचं नाव कायू लिहिलं, जुन्या नोंदीत काळू. दाखल्याच्या कचेरीतून कागद परत आला, आणि प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस होते. तिचे वडील नानांच्या ओट्यावर बसून नुसते कागदाकडे बघत होते. मी उठून घरी आले. नानांनी वंशावळ नव्यानं लिहिली आणि सकाळच्या बसनं स्वतः नंदुरबारला गेले. सुमनचं काम झालं, पण मी काही परत गेले नाही.

आठ दिवसांनी नानाच घरी आले. "काय वं, घर बसी ऱ्हायनी का?"

"नाना, मले आते लिखाले देऊ नका."

"तपासाले मी बसेल व्हतू. मन्हा डोयाले दखायनं नही, तुन्हा हातनी काय चूक?" डोया म्हणाले आणि स्वतःच हसले. मलाही हसू आलं. मग म्हणाले, "तू बोलस तसं लिखस. लिखताना तोंड बंद ठेव." खिशातून लवंग काढून माझ्या हातावर ठेवली. लवंग दाढेखाली धरली की जीभ मनातल्या मनात बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत. नानांना ते ठाऊक होतं. तरी त्यांनी माझ्यापुढची वही कधी दुसऱ्याला दिली नाही.

दहाव्याच्या नंतर त्यांच्या मुलानं मला बोलावलं. साऱ्या गावाच्या वंशावळी झाल्या होत्या. घरच्या वंशावळीत नानांनी स्वतःची जागा मात्र कोरी ठेवली होती. तिथं नाव आणि पुढे मयत, एवढंच लिहायचं होतं. मी म्हटलं, कॉलेजच्या मुलींना सांगा. तो म्हणाला, "नाना म्हणत, ती वही मावशीनी शे."

मी बसले. एकेक अक्षर बघून लिहिलं. बराच वेळ लागला... नानांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, आता दिसत नाही. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय लिखं ते वाच, बाई."

कागदावर गोपाळ होतं. ळ नीट आला होता. मी वाचलं, "गोपाय."

"हां," अक्का म्हणाल्या, "तोच मन्हा भाऊ."