मालकाची झोप

आमच्या डबिंग स्टुडिओत भुताच्या सिनेमांतल्या किंकाळ्या मावशी देतात. सासरी त्यांना कधी चढ्या आवाजात बोलायची सोय नव्हती. पुढे नवरा गेला आणि घर ओरडण्यावरच चाललं. त्यांची एक खोड आहे. माइकसमोर उभं राहण्याआधी विचारतात, "हिचा गुन्हा काय?" गुन्हा केवढा ते बघून आवाज लावतात.

परवाच्या सिनेमात चार वेगवेगळ्या गोष्टी होत्या. तिसरीत मोलकरीण आजारपणाची थाप मारून सुट्टी घेते, म्हणून भिंत तिला गिळते. तिच्यावर तापलेली इस्त्री फेकणारा मालक शेजारच्या खोलीत खुशाल घोरत असतो.

"भिंतीला थाप ऐकू येते आणि इस्त्री दिसत नाही?" मावशी भडकल्या.

दिग्दर्शक हसला. "भुताच्या गोष्टीत कसलं डोकं लावताय?"

"भूत पटतंय हो मला. मालक सुटतो, ते कसं पटायचं?"

"लोकांना तेच सगळ्यात आधी पटतं, मावशी."

मावशी माइकसमोर उभ्या राहिल्या. मग अशा किंचाळल्या की मी कानावरचे हेडफोन ओढून काढले.

आता मात्र दिग्दर्शकाला डोकं लावायचं सुचलं. "जरा दबकी द्या," तो म्हणाला. "एवढ्याने मालक जागा होईल."

मावशींनी दबकी दिली. त्यांना ती चांगलीच जमते.